कुत्र्याला माता आली

आमच्या कुत्र्याला मुलीनं एक छान नाव ठेवलं आणि ती शिकायला जबलपूरला निघून गेली. नावही तिच्याबरोबरच गेलं. बालाघाटच्या घरात उरलो मी, सासूबाई आणि तो. सासूबाई त्याला ‘मेल्या’ म्हणायच्या, आणि मेल्या म्हटल्याशिवाय तो कान हलवत नसे. नवरा नोकरीला बिरसाला, शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. म्हणजे निर्णय तो घ्यायचा आणि निस्तरायचं आम्ही.

मागच्या हिवाळ्यात कुत्र्यानं गॅस सिलिंडरवाल्याची पँट फाडली. पायाला दात लागला नव्हता, पण गल्लीत बातमी अशी फिरली की जणू आमच्या घरून वाघ सुटला. शनिवारी नवऱ्यानं फर्मान काढलं. एक, याला सुई लावून आणा. दोन, यापुढं कोणालाही दात लावला तर मी याला बिरसाच्या जंगलात सोडून येईन. माझा नवरा चांगला माणूस आहे, पण बोललेलं करून दाखवायची त्याला वाईट खोड आहे. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. कुत्राही उपाशी राहिला, कारण तो त्यांच्याच ताटातलं खायचा.

पुढच्या शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरनं ताप पाहिला, खातोपितो ना ते विचारलं आणि दोन सुया दिल्या, एक रेबीजची आणि एक बाकीच्या चार रोगांची. कुत्र्यानं हूं की चूं केलं नाही. ओरडल्या त्या सासूबाई. डॉक्टर हिंदीत म्हणाला, आज हा जरा सुस्त राहील, कमी खाईल, सुई टोचली तिथं गाठ येईल, त्याला घाबरू नका. पण अर्धा तास बाहेर बाकावर बसा. तोंड सुजलं, उलटी झाली, श्वास लागला तर मी इथंच आहे.

मी बसले. सासूबाई उभ्याच. काम झाल्यावर दवाखान्यात बसायचं नसतं, बसलं की बिमारी ओळखीची होते, असं त्यांच्या माहेरी लांजीकडं म्हणतात म्हणे. मी म्हटलं, आई, डॉक्टरनं सांगितलंय. त्या म्हणाल्या, डॉक्टरचं काय जातं, त्याचं घरच ते. कुत्र्याची दोरी ओढत त्या फाटकाबाहेर गेल्यासुद्धा. माझेही लग्नसराईचे ब्लाउज शिवायचे पडले होते. मी उठले.

घरी येऊन तो खाटेखाली झोपला. मी एकीकडं मशीनवर बसले, दुसरीकडं वरणाला फोडणी टाकायला कढई ठेवली. मोहरी तडतडली आणि खाटेखालून खरखर ऐकू आली. तो पंजानं तोंड ओरबाडत होता. बाहेर ओढून पाहते तर तोंड तेलात टाकलेल्या पुरीसारखं फुगलेलं. डोळ्यांच्या नुसत्या चिरा उरल्या होत्या. अंगभर गांधी उठून केस जागोजागी उभे राहिले होते.

सासूबाई चष्मा लावून आल्या. वाकून पाहिलं, पायातल्या चपला काढून बाहेर ठेवल्या आणि हात जोडले.

“माता आली,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आई, हे सुईनं झालंय. त्या म्हणाल्या, सुईनं फक्त दार उघडलं, आत कोण आलं ते मला दिसतंय. आणि पुढं मला बोलूच दिलं नाही. आधी गॅस बंद केला, कारण माता घरात असताना फोडणी चालत नाही. शेजारून कडुनिंब तोडून आणला, एक डहाळा दारावर खोचला, एक कुत्र्याच्या पट्ट्यात. तळण नाही, चपला नाहीत, औषध नाही, सुई तर नाहीच नाही. आणि वाकडा शब्द नाही. ज्याला माता आली, म्हणजे अंगावर देवीचे फोड उठले, त्याच्या अंगात देवी बसलेली असते, तेव्हा त्याच्याशी अदबीनं बोलायचं. सकाळपर्यंतचा मेल्या एका क्षणात माय झाला.

“बसा माय. पानी घेता का?” सासूबाईंनी विचारलं.

कुत्र्यानं मागं वळून पाहिलं, कोण पाहुणं आलंय ते. खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. सासूबाई त्याला पदरानं वारा घालत होत्या आणि तो पट्ट्यातला कडुनिंब चावायच्या खटपटीत होता.

हसू फार वेळ टिकलं नाही. नवऱ्याला फोन लावला, तो लागला नाही. बिरसाला फोन पहिल्या झटक्यात लागला तर ते बिरसा कसलं. डॉक्टरला लावला. तो म्हणाला, लगेच घेऊन या, श्वास कसा आहे? ते पाहायला मी वळले तोच कुत्र्यानं पिवळा फेस ओकला आणि चारी पाय पसरून बसला. त्याच्या श्वासातून बारीक शिटी वाजत होती. मी त्याला उचलायला गेले तर सासूबाई उंबऱ्यात आडव्या.

“मातेले सुई चालत नाही. कोप होते,” त्या म्हणाल्या.

तेव्हा मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझी जीभ तशीही लग्नाआधीपासून बदनाम आहे. पण त्या हटल्या नाहीत. हटवलं ते कुत्र्यानं. तो आमच्या भांडणाला घाबरून नेहमीसारखा त्यांच्याकडं निघाला, दोन पावलं आला आणि पाय मुडपून त्यांच्या पायावर तोंड टाकून पडला.

सासूबाईंनी खाली पाहिलं. “ए मेल्या,” त्या म्हणाल्या. “उठ ना बे.”

त्याचा कान हलला नाही.

मग काय झालं त्यांना कोण जाणे. दारातला डहाळा काढला, ओट्यावर पाण्याच्या माठाजवळ ठेवला आणि त्याला हात जोडून म्हणाल्या, “माय, तू इथंच बस. सावली हाये, पानी हाये. आमी दवाखान्यातून येतो.” आणि माझ्याही आधी रस्त्यावर पोचल्या, अनवाणी.

ई-रिक्षात कुत्रा त्यांच्या मांडीवर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. रेल्वे फाटक नेमकं बंद. मालगाडी अशी सावकाश चालली होती की मी इंजिनापासून गार्डापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. त्याच्या घशात फेस अडकला तसा सासूबाईंनी तोंडात बोट घालून तो काढला. नंतर त्यांनी हात पदराखाली घेतला, ते मी पाहिलं, पण तेव्हा लक्ष कोणाचं होतं. मी मनातल्या मनात कुत्र्याला दटावत होते, मरशील तर याद राख.

डॉक्टर डबा खात होता, तो तसाच सोडून उठला. एकापाठोपाठ सुया दिल्या, सलाइन लावलं. हळूहळू शिटी थांबली. डोळ्यांच्या चिरा जरा रुंदावल्या. सासूबाई ‘मेल्या, मेल्या’ करत होत्या, आणि एकदाचा तो कान हलला. मला रडू फुटलं, ते मी ब्लाउजच्या बाहीनं पुसलं.

मग डॉक्टरनं आम्हाला झाडलं. असं फार थोड्या जनावरांना होतं, पण होतं, म्हणून तर बसा म्हटलं होतं. पुढच्या खेपेला आधी औषध देऊ, दोन सुया एका दिवशी देणार नाही, आणि डोळ्यांसमोर बसवून ठेवू. “लेकिन लगवाना मत छोड़ना, अम्मा.” सासूबाई निमूट ‘हौ’ म्हणाल्या. त्यांचं एवढं निमूट ‘हौ’ मी लग्नापासून ऐकलं नव्हतं.

डॉक्टरची नजर त्यांच्या पदराकडं गेली. पदर लाल झाला होता. त्यानं विचारलं तर म्हणाल्या, सुपारी कातरताना लागलं. त्यानं पदर बाजूला केला. अंगठ्यावर दातांच्या खुणा होत्या. फाटकापाशी, श्वास कोंडलेल्या त्या जनावरानं त्यांना कडकडून चावलं होतं आणि या बाईनं आवाज काढला नव्हता. डॉक्टरनं स्वतः नळाखाली साबणानं जखम धुऊन दिली, बराच वेळ. म्हणाला, आज दिलेल्या रेबीजच्या सुईला याच्या अंगात काम करायला वेळ लागतो, तुम्ही आजच्या आज दवाखान्यात जाऊन स्वतः सुई घ्या.

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला कळलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

कुत्र्याला डॉक्टरकडेच ठेवून आम्ही माणसांच्या दवाखान्यात गेलो. तिथं नर्सनं विचारलं, कुत्रा घरचा की रस्त्यावरचा?

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या, “रस्त्याचा. काळा होता. पळून गेला.”

आमचा कुत्रा पांढरा, पाठीवर बदामी ठिपका. नर्स म्हणाली, घरचा असता तर काही दिवस त्याच्यावर नजर ठेवून, तो चांगला राहिला तर पुढच्या सुया कमी करता आल्या असत्या. रस्त्यावरचा म्हणजे आता सगळ्या घ्याव्या लागतील, आणि आज जखमेतही टोचावं लागेल. ते फार दुखतं.

ही तीच बाई. सुईच्या भीतीनं जिनं दोन्ही बाळंतपणं घरी केली, आणि सुया लावणारी बाई गल्लीत दिसली की जी गच्चीवर पापड वाळवायला निघून जाते. मी त्यांच्या कानाला लागले. म्हटलं, आई, खरं सांगा ना, काहून उगाच टोचून घेता? त्यांनी मला चिमटा काढला.

“अन् तुह्या नवऱ्याच्या कानावर गेलं तं?”

“मी नाही सांगत.”

“तुले पचते का काही?” त्या म्हणाल्या. तेही खरंच. नर्स सुई भरत होती. त्यांनी एकदा त्या सुईकडं पाहिलं आणि पटकन तोंड फिरवलं.

“मले दुखन, अन् मंग बरं होईन,” त्या हळूच म्हणाल्या. “तो जंगलात कोनाच्या दारात बसन?”

आणि अंगठा नर्सपुढं धरला. दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं होतं, ते सुई बाहेर निघेपर्यंत सोडलं नाही.