दौंडच्या मैदानावरचा टच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिथं सांगायला हवं होतं त्या साळवे मॅडमना तर नाहीच. आता त्या नाहीत. तरी लिहिताना दार लावून बसलेय. अजून कुणाची भीती वाटतेय मला?

तुम्ही शिरूरकडचे असाल तर मॅडमचं नाव ऐकलं असेल. आमच्या कॉलेजात मुलींचा व्हॉलीबॉलचा पहिला संघ त्यांनी उभा केला. नेटला खांब नव्हते, तर बोअरचे जुने पाइप रोवून घेतले. एसटीनं गावोगाव जाऊन एकेका बापासमोर बसायच्या, "दिवस मावळायच्या आत पोरगी घरी, जबाबदारी माझी" म्हणायच्या. माझ्या आप्पांनाही त्यांनीच पटवलं. आज शिरूर-दौंडच्या कितीतरी शाळांत खेळ शिकवणाऱ्या बाया त्यांच्याच हाताखालच्या. मीही त्यातलीच.

त्यांचा एक नियम होता. चेंडू आपल्या बोटाला लागून बाहेर गेला आणि पंचांना दिसलं नाही, तर आपणच हात वर करायचा. पॉइंट गेला तरी चालेल. सामना गेला तरी —

थांबा. सरळच सांगते.

नव्वदनंतरची वर्षं. दौंडला फायनल होती. शेवटचा सेट, आम्ही चौदा, त्या तेरा. दौंडची मंगल, माझ्याच वयाची, उंच पोरगी — तिनं जोरात स्मॅश मारला. मी ब्लॉकला उडाले. चेंडू माझ्या करंगळीला घासून बाहेर गेला. हो, घासला. करंगळी चुरचुरत होती.

पंचांनी चेंडू बाहेर दिला. म्हणजे आमचा पंधरावा पॉइंट, आम्ही जिंकलो. मंगल ओरडली, "टच हाय! बोट लागलंय तिचं!" पंचांनी मॅडमकडं पाहिलं — त्यांच्या शब्दाला वजनच तसं होतं. मॅडमनी मला विचारलं, "शोभा, लागलं का गं?"

निघताना आप्पा म्हणाले होते, हरून आलीस तर खेळ बंद, दिवाळीनंतर लग्न उरकू. हे मी कारण म्हणून सांगत नाही. नियम मला पाठ होता. पण तोंडातून निघालं, "न्हाई मॅडम."

"माझी पोरगी खोटं बोलत नाही," मॅडम पंचांना म्हणाल्या. संपलं. मंगलच्या सरांनी तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं. पुढच्या वर्षी ती संघात नव्हती. विद्यापीठाच्या संघात मी गेले, त्याच प्रमाणपत्रावर शाळेत चिकटले.

मग मॅडम दर वर्षी नव्या मुलींसमोर मला उभं करायच्या. "हिला मी भर सामन्यात विचारलं होतं..." वाटायचं, आज मध्येच थांबतील, माझ्याकडं नीट बघतील. त्यांना कधी शंका आली असेल का? विचारायची माझी हिंमत नव्हती.

दोन हजारनंतर काही वर्षांनी मॅडम गेल्या. शिरूरला शोकसभेत मला बोलायला लावलं. बोलता बोलता तिसऱ्या रांगेत मंगल दिसली. अंगात कुरकुंभच्या कुठल्याशा कंपनीचा निळा युनिफॉर्म, शिफ्ट सुटून थेट आलेली. वाटलं, आता ही उठणार. आणि तरीही मी माइकवर म्हणाले — मॅडमनी आम्हाला खरं बोलायला शिकवलं.

ती उठली नाही.

सभा संपल्यावर जवळ आली. आवाज शांत होता. "मी मंगल, दौंडची. त्या मॅचनंतर मॅडमनी पत्र धाडलं व्हतं मला. शिरूरला ये, माझ्याकडं खेळ म्हणून. घरच्यांनी येऊ दिलं न्हाई." मग माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "वळखलं ना?"

शेजारी आमच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या.

"नाही हो," मी म्हणाले, "आठवत नाही."

तिनं मान हलवली, पिशवी खांद्यावर घेतली आणि एसटी स्टँडकडं चालू लागली. मी बाकीच्या बायांबरोबर चहा घेतला.