फाटत नाही, मार बिनधास्त

जुन्नरच्या ज्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो, तिथं दर ऑक्टोबरात माझा एक हट्ट असतो. विज्ञानातली जगातली सगळ्यात मोठी बक्षिसं जाहीर झाली की रसायनशास्त्राचं बक्षीस कशाला मिळालं ते मी प्रयोगशाळेच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहितो. त्या वर्षी मात्र खडू हातात धरून नुसताच उभा राहिलो. बक्षीस प्रथिनांची घडण उलगडणाऱ्यांना मिळालं होतं. बक्षीस आमच्या विषयाचं आणि काम पेशीतलं!

शिक्षकखोलीत जीवशास्त्राच्या मॅडम चहा ओतता ओतता म्हणाल्या, "काय सर, यंदाही आमच्याच घरात आलं की!" मला राग आला. खरं सांगायचं तर आपलं काहीतरी कुणी पळवल्यासारखं वाटलं. मी आवाज चढवून म्हणालो, "बाटलीत होतं ते आमचं, शरीरात होतं ते तुमचं. एवढी साधी हद्द त्या परीक्षकांना कळू नये?"

"शरीराला कुठं माहितीये तुमची हद्द?" असं म्हणून त्या हसत तासाला गेल्या.

त्या रविवारी मी शिनोलीला, गावातल्या आमच्या घरी होतो. धाकटा भाऊ टोमॅटोवर फवारणीला निघाला होता. दोन औषधं एकदम मारायची असली की आमच्याकडे आधी रिकाम्या बाटलीत पाणी घेऊन त्यात दोन्ही थोडी थोडी मिसळून बघतात. नासलेल्या दुधासारखं फाटलं तर पंप चोंदतो, मग ती जोडी मारायची नाही. गावातले कितीतरी जण अशी बाटली माझ्याकडे घेऊन येत, आणि त्याची मला भारी ऐट होती.

"दादा, फाटतंय का बघ बरं."

मी बाटली हलवली, उन्हात धरली, अगदी प्रयोगशाळेत धरतो तशी. खाली गाळ नाही, वर तवंग नाही. "फाटत नाही. मार बिनधास्त." डब्यांवरचं बारीक अक्षर मी वाचलं नाही. तोंडाला फडकं बांध, एवढंसुद्धा सांगितलं नाही.

अकराच्या सुमारास भावजय रानातून ओरडत आली. मी धावत गेलो तर तो बांधावर बसलेला. शर्ट घामानं चिंब, तोंडातून लाळ, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. "दादा, समदं धुरकट दिसतंय," तो म्हणाला. त्याचा दंड धरला तर आतलं मांस आपोआप फडफडत होतं. शेजाऱ्याच्या गाडीत त्याला घातलं. जुन्नरच्या दवाखान्याचा तो रस्ता माझ्या रोजच्या जाण्यायेण्यातला, पण त्या दिवशी संपता संपेना. त्याची छाती घरघरायची, मधेच थांबायची, की मी त्याच्या नाकाशी बोटं धरून श्वास लागतोय का बघायचो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

डॉक्टरांनी आधी कपडे काढून त्याचं अंग धुवायला लावलं, मग इंजेक्शनामागून इंजेक्शन. "काय मारत होता?" मी दोन्ही डबे पुढं केले. बघताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दोन्हींचा घाव एकाच ठिकाणी बसतो. नसांचं काम चालवणारं एक प्रथिन असतं, त्यालाच दोन्ही जखडून टाकतात. ही मिसळायला सांगितली कुणी?"

भावजय पटकन म्हणाली, "आमच्या दादांनी बघून दिली व्हती की. ते केमिस्ट्रीचं सर हायेत."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट धीर होता, दादांनी बघितलंय म्हणजे चुकीचं काही नसणार, असा. मला मान वर करवेना. प्रथिन. फळ्यावर लिहायला जड गेलेला तोच शब्द त्या खोलीत माझ्या भावाच्या छातीवर बसला होता.

तिसऱ्या दिवशी तो नीट श्वास घ्यायला लागला. डब्यांवरचं न वाचताच मी 'मार' म्हणालो होतो, ते त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "जाऊ दे, दादा. तुला तरी काय म्हाईत." त्याला मला धीर द्यायचा होता, पण मला ते फार लागलं.

दोन महिन्यांनी कांद्यावर कीड आली. तो पुन्हा अंगणात उभा, तोंडाला फडकं, पाठीला पंप, हातात बाटली.

"फाटतंय का, दादा?"

मी चष्मा लावून दोन्ही डब्यांवरचं अक्षर न् अक्षर वाचलं. मग बाटली उन्हात धरली. पाणी दुधासारखं एकजीव.

"नाही."

"मग मारू?"

फडक्याच्या वर त्याचे डोळे होते, विश्वासानं माझ्याकडं लागलेले. मी त्यातल्या बाहुल्या बघत होतो.

"थांब," मी म्हणालो.

तो थांबला. बाटलीतलं मी सांगितलं होतं; अंगात गेल्यावर या दोन्हींचं काय होईल, ते मला येत नव्हतं.