ओठ तेवढे राहू दे

रिटचवाल्या काकूंनी उभ्या आयुष्यात शेकडो लोकांच्या सुरकुत्या घालवल्या. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. तो फोटो काढायचा आणि काकू खिडकीशी बसून निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवायच्या. कुणाचा व्रण लपवला, कुणाच्या डोळ्यांखालचं काळं उजळलं. एवढं करून नवऱ्याचा स्वतःचा धड फोटो एकही नाही. स्वारी कायम कॅमेऱ्यामागे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तो जाऊन तीन वर्षं झाली आणि त्याचा चेहरा काकूंच्या मनातून पुसट होऊ लागला. काकू घाबरल्या. समोरच्या दुकानाच्या माडीवर एक बाई लोकर टोचून बाहुल्या करायला शिकवायची; सगळे तिला लोकरताई म्हणत. नवऱ्याचा चेहरा करून ठेवायचा म्हणून काकूंनी तिथे नाव घातलं.

"सुई सरळ आत, सरळ बाहेर," लोकरताईनं पहिल्याच दिवशी बजावलं. "तिरकी गेली की मोडलीच. आणि काकू, या सुईला काटे आहेत, ते लोकर आत ओढतात. जितकं टोचाल तितकं घट्ट होणार, लहान होणार. आत गेलेलं परत येत नाही."

काकूंनी मान डोलावली, पण जित्याची खोड! पेन्सिलीचं चुकलं तर खरवडता यायचं, तीच सवय हाताला. नाक जाड वाटलं, टोचलं. गाल भरल्यासारखा वाटला, टोचलं. संत्र्याएवढं डोकं महिन्याभरात लिंबावर आलं. बोटांची चाळण झाली ती वेगळीच.

नवऱ्याच्या डाव्या भुवईत एक चीर होती. ती काकूंनी सुरेख उतरवली. घरी येऊन डोळे मिटले, तर आठवणीतली भुवई सलग! वय झालं, म्हणून त्या हसल्या. पुढच्या मंगळवारी कान केले, जरा पुढे आलेले. संध्याकाळी आठवायला गेल्या, तर कानांच्या जागी नुसती कातडी, गुळगुळीत, रिटच केल्यासारखी. दोन मंगळवार त्यांनी सुईला हात लावला नाही. पण बाहुलीच्या डोळ्यांचे रिकामे खळगेही बघवेनात. शेवटी डोळे केले. तेही गेले.

आता उरलं होतं फक्त हसू. वरचा ओठ उजवीकडे जरासा चढायचा. रोज सकाळी चहा गाळताना काकू ते आठवून बघत. ते जागेवर असे.

"आणि ओठ?" लोकरताईनं विचारलं.

"ओठ तेवढे राहू दे बाई. तेवढं तरी माझ्याकडे असू दे."

लोकरताईला काय कळणार? ती "बरं" म्हणाली. काकू बाहुली फळीवर ठेवून घरी गेल्या.

पुढच्या मंगळवारी चहा गाळताना काकूंचा हात मध्येच थांबला. चहा सांडला. तशाच त्या माडी चढल्या. लोकरताई दारातच उभी होती, खुशीत.

"काकू, तुम्हाला जमत नव्हतं ना? मीच करून ठेवले ओठ. बिनतोंडाचं कसंतरीच वाटत होतं हो."

चेहऱ्यावर गुलाबी लोकरीची बारीक रेघ होती, हसरी. काकूंनी डोळे मिटले. आतला चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत कोरा होता.

"असेच हसायचे ना ते?"

काकू बाहुलीकडे बघत राहिल्या. ताडून बघायला दुसरं काही उरलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "असेच."