तुडुमावरच्या उषाबाई

धर्मेंद्रने उषाबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दिघोरीच्या गावतलावात छातीभर पाण्यात उभ्या होत्या. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून पायाने काहीतरी चाचपत होत्या. मग त्यांनी बुडी मारली आणि वर आल्या त्या लाकडाचं जाड बूच हातात घेऊनच. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पलीकडे नहरात पाणी उतरू लागलं.

धर्मेंद्र अड्याळचा. डिझेल इंजिनं भाड्याने देणं हा त्याचा धंदा. ऐन लोंबी भरायच्या दिवसांत पावसाने दडी मारली, म्हणून तो इंजिन गाडीत टाकून गिऱ्हाईक शोधत आला होता. सोबत भाची रीना होती, कृषी महाविद्यालयात शिकणारी. कोणत्या भागातल्या शेतीत किती डिझेल आणि वीज लागते, त्यापायी हवा तापवणारा वायू किती निघतो, याची ती तुलना करत होती. एकीकडे पंपांवर चालणारी गावं, दुसरीकडे तलावांची.

तलावातून पाणी सोडायच्या दगडी मोरीला इकडे तुडूम म्हणतात. ते गावाने उषाबाईंवर सोपवलेलं. त्यांची स्वतःची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, पाळीला लागूनच होती आणि तिला भेगा पडल्या होत्या. आणखी दोन-तीन दिवस पाणी मिळालं नाही तर धान पोचट राहणार, हे धर्मेंद्रलाही दिसत होतं.

"मावशी, पाइप टाकतो. घंटाभरात भिजते तुमची बांधी."

"नोको भाऊ. माहा नंबर शेवटी हाय."

"काहून? तलाव त तुमच्या धुऱ्यालेच लागून हाय."

"म्हणूनच त." उषाबाई पदर पिळत म्हणाल्या. "जवळच्यानं आधी घेतलं, त टोकावरच्याले काय उरन? आन आज तुहा एक इंजिन लागला, त उद्या साऱ्याइचे पाळीवर येतीन."

मग त्या खांद्यावर फावडं टाकून पाण्यामागे निघाल्या, आणि ही दोघं त्यांच्यामागे. पाणी टोकाच्या बांधीत शिरलं, ती भरली तसं धुऱ्याच्या, दोन बांधींमधल्या बांधाच्या, तोंडातून शेजारच्या बांधीत गेलं. उषाबाई कुठे चिखलाचा एक गोळा काढत, कुठे एक लावत. ऊन कलेपर्यंत नजर जाईल तिथवर धानाच्या बुडाशी पाणी चमकू लागलं. पाणी म्हटलं की इंजिनाची धडधड, हेच धर्मेंद्रच्या कानांना ठाऊक. एवढं शिवार भिजत होतं आणि दूरच्या बगळ्याचे पंखसुद्धा ऐकू येत होते. त्याने नकळत पायातली चप्पल काढली.

"रीना, यायच्या गावापुढं शून्य टाक," तो हळूच म्हणाला.

"शून्य कसं टाकू, मामा? चिखलणीले ट्रॅक्टर लागतेच. पाण्यात उभ्या धानातून निघते तो वायू अजून वेगळा." रीनाही शिवाराकडेच पाहत होती. "पण पाण्यासाठी शून्य. असं गाव मले अजून भेटलंच नोहोतं."

उषाबाईंच्या बांधीला पाणी लागलं ते चौथ्या दिवशी. पाळीकडचा पट्टा पोचट गेला, बाकीचं धान भरलं. घरच्यांनी चार दिवस तोंड फुगवलं. टोकाकडच्यांचं मात्र सगळं पीक हाती आलं.

यंदाही गावाने तुडूम उषाबाईंकडेच ठेवलं आहे. गुडघे दुखतात, म्हणून त्या आता सुनेला बुडी मारायला शिकवत आहेत.