सीटखालची टिक-टिक

वाघ येईन म्हनून वाचून राह्यले असान त आधीच सांगतो, वाघ दिसनार नाई. शेपटीचं टोकबी नाई. तरी त्या दिवशी काय झालं, तेच सांगाचं आहे.

आमची जुनी पेट्रोल व्हॅन. इंजन समोरच्या सीटखाली. मोहफुलाच्या दिवसांत तिले झटके येऊ लागले. चालता चालता धक्का देई, पुन्हा धक्का, अन् चूप. पाच मिनिटं थांबलं का आपोआप चालू. सिंदेवाहीले मिस्त्रीकडे नेली त एकदम शहानी झाली. तासभर चालू ठेवली, हू नाई का चू नाई.

मिस्त्री म्हने, "बंद पडाच्या आधी आवाज कसा येते, तेवढं सांग."

मले हेच पाहिजे होतं! गावात कोन कसा खोकलते, कोन कसा शिंकते, सगळं करून दाखवतो मी. गॅरेजमधी चार जन चहा पेत बसले होते. म्या व्हॅन करून दाखवली, "घुर्रर्र... खॉक... खॉक... फट्टाक!" लोक पोट धरून हासले. पुन्हा केलं, फट्टाक अजून मोठं.

खरं म्हनजे गाडी कधी फट्टाक म्हनलीच नव्हती. सीटखालून बारीक टिक-टिक यायची, बस. पन टिक-टिकवर कोन हासते?

"कार्बोरेटरमधी कचरा आहे," मिस्त्री म्हनला, अन् साफ करून देल्लं.

त्याच्या आधीच्याच आठवड्यात बाजूच्या गावची एक बाई मोहफूल वेचाले गेली, ते वापस आलीच नाई. मोहफूल वाकूनच वेचा लागते, अन् वाकला मानूस वाघाले जनावरावानी दिसते. म्हनून माय अन् शेजारची काकू पायी जात नव्हत्या. मी त्यायले व्हॅननं झाडापाशी न्यायचो अन् त्या वेचेपर्यंत हॉर्न वाजवत बसायचो.

मिस्त्रीनं गाडी देल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिघं निघालो. जंगलात नाल्याच्या चढावर गड्ड्यात चाक गेलं. टिक-टिक. धक्का. चूप.

"कालच बनवली ना रे?" मायनं विचारलं.

पाच मिनिटं थांबून चावी फिरवली, तरी नुसती घरघर. हॉर्न दाबाले गेलो, तेवढ्यात झाडावरून वानर खोकललं. "खक्! खक्!" वानराची नक्कल मी वर्गात करायचो, मास्तर खिडकीबाहेर पाहे. पन हे खरं होतं. वाघ नाईतर बिबट दिसल्याशिवाय वानर असं खोकलत नाई.

मोबाईलले रेंज नाई. इंजन पाहाचं त खाली उतरून सीट उचला लागते, म्हनजे दार उघडं अन् पाठ जंगलाकडे. मी हललोच नाई. माय काठी घेऊन उतरली. मंग मीबी उतरलो. मायनं माह्या पाठीले पाठ लावली. तिची पाठ थरथरत होती का माही, समजत नव्हतं.

सीट उचलली. "काकू, चावी फिरवा."

टिक! कॉइलच्या जाड वायरीतून निळी ठिनगी लोखंडावर उडाली. वायरचं रबर कुरतडलेलं, बाजूले उंदराच्या लेंड्या अन् दोन-चार मोहफुलं. मांगं मोहफुलाचं एक पोतं म्या आळसानं तीन दिवस गाडीतच ठेवलं होतं, त्याच्या वासानं उंदीर आले. गड्ड्याचा धक्का बसला का उघडी वायर लोखंडाले टेकत होती, अन् इंजनाले जाच्या बदली सगळा करंट तिथीच जात होता.

"खक्! खक्!" आता अजून जवळ.

"लवकर कर बापू," माय कुजबुजली.

वेचाले आनलेलं रिकामं पोतं गुंडाळून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलं होतं. ते सोडून वायरले गुंडाळाले गेलो, त हातातून निसटली. पुन्हा गुंडाळली. काकूनं चावी फिरवली. चालू! मायले आत ढकललं, सीट आपटली अन् झाडाकडे न जाता सरळ गावात आलो. घरी उतरल्यावर माय तशीच ओट्यावर बसली.

नवी वायर टाकाले गॅरेजले गेलो. मिस्त्रीनं जुनी वायर पाह्यली, मंग मले पाह्यलं.

"टिक-टिक येत होती ना आधी?"

"हो भाऊ."

"मंग सांगतली काऊन नाई बे? तुह्या फट्टाकापायी म्या कार्बोरेटर खोललं! पोट दुखते त डॉक्टरले गुडघा दाखवते का तू? इथी लोकायले हासवाले आलता का गाडी दाखवाले? अन् मोहफूल गाडीत ठेवते का कोनी? तिथी तुह्या मायले काही झालं असतं त? बोल ना. आता काऊन आवाज निंगत नाई?"