रांजणाखालचं मॉस आणि विहिरीतला फर्न

नवी सून फारशी बोलत नाही, त्यामुळे तिला ऐकायला भरपूर वेळ मिळतो. जऊळक्याला सासरी पहिल्याच वर्षी माझ्याकडे इतके किस्से साठले, की बी.एस्सी.च्या नोट्स त्यांच्यापुढे किरकोळ वाटायच्या!

आमचे हे मेडशीच्या शाळेत मास्तर. तिथं एका खोलीत राहायचे, शनिवारी घरी यायचे. मला त्या खोलीत बिऱ्हाड मांडायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आधी तुह्यी परीक्षा होऊ दे, मंग पाहू." त्यांच्या 'पाहू'चा अर्थ विचारायची माझी हिंमत नव्हती.

*

बॉटनीच्या प्रॅक्टिकलसाठी रांजणाखालच्या विटांवर मी मॉस, म्हणजे मखमलीसारखं हिरवं शेवाळ, वाढू दिलं होतं. एका सकाळी पाहते तर विटा लालबुंद! सासूबाईंनी काथ्यानं घासल्या होत्या.

"लई घान झालं होतं वं."

सासरे म्हणाले, "अवं, तिचा अभ्यास घासला तू!"

त्या दिवसापासून सासूबाई स्वतःच विटांवर पाणी शिंपडू लागल्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "सुनंचा अभ्यास उगवून राह्यला."

*

फर्न सासऱ्यांनी विहिरीच्या कपारीतून आणून डब्यात लावून दिला. चार दिवसांनी त्याच्यावर पिवळी भुकटी.

सासरे म्हणाले, "पानाखाली तांबेरा पडला होता. गव्हावर मारतो तेच गंधक मारलं."

ते तपकिरी ठिपके म्हणजे फर्नच्या बीजाणूंचे पुंजके. त्यांच्यासाठीच तर तो आणला होता! माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "घाबरू नको. विहिरीतल्या बाकीच्याइलेही मारून आलो."

*

शेजारच्या काकू फर्नच्या डब्यात डोकावल्या.

"याले फूल कवा येते?"

"येत नाही."

"फळ?"

"तेही नाही."

"मंग तुले पास कायच्यावर करतात?"

*

चुलीपुढं माझं मॉस-फर्नचं पाठांतर चालायचं. एकदा सासूबाईंनी विचारलं, "दोघायत फरक काय हाय?"

मी सांगितलं, "मॉसमध्ये हिरवं रोप म्हणजे माय. पोर देठावर उभं, तिच्या डोक्यावर. जन्मभर तिच्याच जिवावर. फर्नमध्ये माय नखाएवढी. पोर आधी तिचं खातं, मग स्वतःची मुळं जमिनीत सोडतं, मोठं होतं. माय वाळून जाते."

सासूबाईंनी भाकर उलटली.

"मॉसच बरं मंग."

*

मी पास झाले. शनिवारी हे आले, मळक्या कपड्यांचं बोचकं मायपुढं टाकून पाटावर बसले.

"माय, मेडशीच्या बिऱ्हाडाचं कसं करू? तू म्हनशील तसं."

सासूबाईंनी ताट वाढलं. "भाकर कुस्करून देऊ?"

"दे ना."

त्यांनी भाकर हातात घेतली आणि तशीच धरून माझ्याकडे वळल्या. "मॉसच्या पोराले मुळं कदीच फुटत नाही का वं?"

"नाही."

"अन् फर्नची माय? लगेच वाळते?"

"लगेच नाही. बरेच दिवस हिरवी असते."

त्या उठल्या. फडताळातून दुसरा तवा काढला, पदरानं पुसला आणि माझ्या ट्रंकेवर ठेवला.

"माय, तवा कायले काढला?"

"जेव गुपचूप," सासूबाई म्हणाल्या. "अन् भाकर तुह्या हातानं कुस्कर!"