वहिनीने चावून भरवलेला घास

झाशीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तीस वर्षं स्लाइड्स रंगवल्या, आणि माझ्या कामाला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. त्यामुळे भाचीच्या मानेवरच्या गाठी नुसत्या चाचपून मानिक चौकातले डॉक्टर "दीदी, टीबी ही है" म्हणाले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे मानेला गाठ म्हणजे टीबी, बात खतम! तीन महिने गोळ्या झाल्या, गाठी वाढतच गेल्या. मग मी दादाला ठणकावलं, "तुकडा काढून तपासायचा म्हणजे तपासायचा."

स्लाइड मीच रंगवली. मायक्रोस्कोपखाली घुबडाच्या डोळ्यांसारखी पेशी दिसली. लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. पुढच्या तपासणीला तुकडा दिल्लीला पाठवला, तर तिथल्या रिपोर्टात त्या पेशींत विषाणूही निघाला.

घरी मी शहाणी सगळं समजावत बसले. हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो, शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींतच मुक्काम ठोकतो आणि जन्मभर गप्प पडून राहतो. क्वचित एखाद्याचीच पेशी बिघडते, मरायचं विसरते आणि वाढत सुटते.

"पण शिरतो कसा?" वहिनीने विचारलं.

"लाळेतून," मी म्हणाले. जीभ झडली असती तर बरं झालं असतं!

आमच्या घरात दात न आलेल्या पोराला पोळी चावून, मऊ करून भरवायची रीत. वहिनीनेही भरवली होती. दुसऱ्या दिवसापासून तिने पोरीला जवळ घेणंच सोडलं. ताट पुढे सरकवायची आणि दाराशी जाऊन बसायची. इकडे औषधांनी पोरीचे केस गेले, तोंड आलं, आणि आईशिवाय तिला घास उतरेना. वजन इतकं घटलं की डॉक्टरांनी पुढचा डोस लांबवला. अकरा वर्षांची पोर मला विचारायची, "आत्या, आई माझ्यावर नाराज आहे?"

मी भडकले. वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुला टायफॉईड झाला तेव्हा दोन महिने पोर माझ्या मांडीवर होती. तेव्हा चावून कोण भरवत होतं? मी! बोल, मी दिला का हिला कॅन्सर?"

"अगंबाई, वन्सं! भलतंच काय बोलता? तुम्ही तर तिला जगवलंत."

"मग तू काय वेगळं केलंस?"

वहिनी ओट्याला धरून पोटभर रडली. त्या दुपारी पोरीने आईच्या हातून अर्धी वाटी वरणभात खाल्ला.

पोर खणखणीत बरी झाली. आता नोकरी करते, झाशीत हिंदीतच वाढल्याने मराठी मोडकीतोडकी बोलते आणि अजून आईच्या ताटातलं उचलून खाते. वहिनी सगळ्यांना सांगते, वन्संनी मला सावरलं. मी तिला कधी सांगितलं नाही, पण दिल्लीचा रिपोर्ट आल्यापासून मला झोप नव्हती. "मी दिला का हिला कॅन्सर?" हा प्रश्न मी माझ्यासाठीच विचारला होता.